साबणाचे गाव

आमच्या घरी कपड्यांसाठी सनलाइटची वडी असे आणि आई तिचे दोऱ्याने दोन तुकडे करून एक फडताळात जपून ठेवत असे. त्या वडीच्या नावाचे गाव इंग्लंडमध्ये आहे हे पुष्कळ उशिरा कळले, आणि गेल्या वर्षी लिव्हरपूलहून मर्सी नदीच्या पोटातून जाणाऱ्या आगगाडीने मी पोर्ट सनलाइटला जाऊन आलो.

विल्यम लिव्हर या साबणवाल्याने १८८८ साली कारखान्याशेजारी कामगारांसाठी हे गाव वसवायला घेतले. नफ्यातला वाटा रोख दिला तर तो दारूत आणि खाण्यापिण्यात उडेल, तेव्हा तो घरांच्या रूपानेच द्यावा, असा त्याचा हिशेब होता. त्यातून सुमारे ९०० घरे उभी राहिली आणि त्यांच्या जोडीला शाळा, चर्च, दवाखाना, पोहण्याचा तलाव आणि पत्नीच्या स्मरणार्थ १९२२ साली उघडलेले कलादालनही आले. घरांचे आराखडे तीसएक वास्तुरचनाकारांनी केल्यामुळे एका ओळीत लाकडी पट्ट्यांची जुन्या थाटाची घरे दिसतात, तर पुढच्या ओळीत लाल विटांची.

मला मात्र घरांपुढच्या बागांनी थांबवले. एकाही दारापुढे दोरी नाही, की कठड्यावर साधा टॉवेल नाही. सुरुवातीला रहिवासी पुढच्या अंगणात कोंबड्या पाळत आणि कठड्यांवर धुणे वाळत घालत. ते मालकांना खपले नाही आणि पुढच्या बागांची निगा कंपनीने आपल्याकडे घेतली. भाजी लावायची तर ती मागच्या बाजूच्या वाफ्यांत. जगाला कपडे धुवायला शिकवणाऱ्या गावात धुतलेला कपडा दिसू नये, याचे मला हसू आले. आमच्या चाळीत तर वाळत घातलेल्या लुगड्यावरून कोण माहेरी आले आहे तेही कळे.

रहिवाशांनी स्वतः मागून घेतलेली सोय म्हणजे ‘ब्रिज इन’मधली दारू. १९०० साली ही खाणावळ उघडली तेव्हा तिथे दारूला मज्जाव होता, पुढे गावाने मतदान करून परवाना मिळवला. त्या मतदानात बायकांनाही मत होते, आणि संसदेसाठी त्यांना ते मिळायला १९१८ साल उजाडायचे होते. स्वतः दारूला न शिवणाऱ्या लिव्हरने तो कौल मानला, याबद्दल त्याला मी बागांचा गुन्हा निम्मा माफ केला.

परतताना पाऊस आला. डोके पुसून भिजलेला रुमाल मी सवयीने एका कठड्यावर पसरला, आणि खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटताच घाईघाईने खिशात कोंबला.