क्रुसाच्या खोऱ्याची नामसूची: ‘ग’ सापडला, ‘द’ अडला

वेल्समधील एका जुन्या मठाच्या खोऱ्यातील नावांची सूची मी करतो आहे. त्यातील ज्या ‘क्रोइस’ या शब्दाच्या शोधाने दोन महिने खाल्ल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते, तो अखेर परवा रात्री सापडला. लँगोलेन गावाजवळच्या या मठाचे लॅटिन नाव व्हॅले क्रूसिस, म्हणजे क्रुसाचे खोरे. वेल्श भाषेत क्रूस म्हणजे ‘क्रोइस’, म्हणून मी वर्णानुक्रमाने ‘क’खालीच शोधत होतो. परंतु त्या भाषेत स्त्रीलिंगी नामाआधी उपपद आले की ‘क’चा ‘ग’ होतो. आपल्या ‘पाणी’चे ‘पाण्यात’ होताना शब्दाचा शेवट बदलतो, तिथे आरंभच बदलतो. ‘ग’खाली पाहताच ‘ग्लिन अ ग्रोइस’ आणि ‘पँट अ ग्रोइस’ ही दोन्ही नावे हाती आली, तेव्हाचा आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे.

खरी अडचण ज्या दगडी क्रुसावरून खोऱ्याला नाव मिळाले, त्या क्रुसाचीच आहे. १२०१ साली मठ स्थापन झाला, त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, पोविस या जुन्या वेल्श राज्याचा राजा कंगेन याने आपला पणजा ‘एलिसेग’ याच्या स्मरणार्थ तो उभारला. पुढे तो मोडून पडला. १६९६ मध्ये एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाने त्यावरील लेख उतरवून घेतला आणि १७७९ मध्ये उरलेला स्तंभ पुन्हा उभा केला गेला. आज दगडावरचा लेख झिजून गेला आहे, त्यामुळे सारी भिस्त लुइडच्या प्रतीवर आहे. त्या प्रतीत ‘एलिसेग’ आहे, राजघराण्याच्या जुन्या वंशावळींत मात्र ‘एलिसेद’. चूक कोरणाऱ्याची की उतरवणाऱ्याची, हे ठरवायला मूळ अक्षरच उरलेले नाही. खोऱ्यातील एग्लुइसेग नदीचे नाव एलिसेगशी जोडणारी माझी पेन्सिलची टीप मी खोडली आहे, कारण शेवटचा ‘ग’च संशयास्पद असेल तर ते साम्य कशावर उभे राहणार?

हे लिहितानाच सूचीची मांडणी बदलावी असे वाटू लागले आहे. नाव हा मुख्य रकाना न ठेवता साक्ष हा मुख्य रकाना ठेवावा: दगड, दानपत्र, कविता, इंग्लंडच्या राजाच्या अधिकाऱ्यांनी १५३५ मध्ये केलेली मठांच्या उत्पन्नाची मोजणी. मठाचे जुने नाव ‘लानएग्वेस्ट्ल’ मग प्रत्येक साक्षीत वेगळे दिसेल. सुरुवात गिटोर ग्लिनपासून करतो. त्या कवीचे अखेरचे दिवस याच मठात गेले.