जिरं-गूळ

मी मूळचा बार्शीचा. सोलापुरात लग्नांचे फोटो काढायला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्याकडं कॅमेरावाल्याची परीक्षा एकाच क्षणाला असते. शेवटचं 'सावधान' होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात. तो फोटो हुकला की पैसे मागायला तोंड राहत नाही.

हे लग्न अशोक चौकाकडचं. मुलगी पद्मशाली, घरात तेलुगू. मुलगा मराठा. ती युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघायची, हा तिथं बटणं आणि चेन पोचवायचा. चलनावर सही घ्यायला हा इतक्यांदा का येतो, हे मशीनवरच्या बायकांनी तिच्याआधी ओळखलं होतं. घरात मात्र दोन वर्षं नन्नाचा पाढा.

शेवटी तिच्या आजीनं, अव्वानं, स्वतःच्या मुलाला सुनावलं म्हणे, "दरवर्षी संमती कट्ट्यापाशी जाऊन दंडाच्या लग्नाला अक्षता टाकतोस की! नातीच्या लग्नाला हात जड झाला काय?"

सोलापूरकराला हे कळतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणून कुंभारकन्या अडून बसली. ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, अशी कथा. ते लग्न अजून दरवर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, त्या संमती कट्ट्यापाशी लागतं. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' झालं की सगळी गर्दी अक्षता टाकते, कोण कुणाच्या जातीचा हे कुणी बघत नाही. बाप गप्प झाला.

लग्नात दोन पुरोहित. मी समोर गुडघ्यावर, लेन्स अंतरपाटाच्या वरच्या कडेवर रोखून. मंगलाष्टका संपत आल्या तसा तेलुगू पुरोहित घाईनं काहीतरी बोलला, पाटाआड बांगड्या वाजल्या, सनई-चौघडा एकदम चढला. पाट पडला, अक्षता उडाल्या, मी धडाधड फोटो घेतले. झकास!

अव्वा मागून म्हणाली, "काय करलालाव रे तिकडं? लग्न लागलं की आधीच."

विड्याच्या पानावर जिरं-गुळाचा वाटलेला गोळा, मुहूर्ताला दोघांनी पाटाआडच एकमेकांच्या डोक्यावर दाबून धरायचा, ते त्यांचं लग्न. माझ्याकडं त्याचा एकही फोटो नाही. मी ओशाळलो. आमचे गुरुजी मिश्कील. म्हणाले, "घाबरू नका, सप्तपदी व्हायचीय. 1955 च्या कायद्यात सातव्या पावलाला लग्न पुरं होतं." एका लग्नाचे तीन क्षण, आणि मी एकावर डोळा ठेवून बसलेलो.

नंतर अव्वाला विचारलं, जिरं-गूळच का? ती दोन बोटं एकमेकांवर घासत म्हणाली, "जिरं कडवट, गूळ गोड. एकदा वाटलं की निवडून दाखव बघू."

रात्री फोटो साफ करायला बसलो. पाट पडतानाचा तो फोटो खरंच सुंदर आला होता, फक्त दोघांच्या केसांत तपकिरी काहीतरी चिकटलेलं. मुंडावळ्यांवरही दोन-तीन दाणे. सवयीनं सगळं पुसून टाकलं. केस कसे स्वच्छ, काळेभोर.

चौथ्या दिवशी नवरीचा फोन आला.

"दादा, फोटो छान आहेत. पण अव्वा विचारतीय, डोक्यावरचं कुठं गेलं?"

मूळ फाईल ठेवली होती, नशीब. अल्बममध्ये तीच गेली, दाण्यांसकट.