हिस्सेदार

कोकणात कुठलीही वस्तू एकट्याची नसते. आमच्या परड्यामागे एक रायवळ आंबा आहे. तो ज्या तुकड्यात उभा आहे त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यातली चार मुंबईत, दोन देवाघरी, आणि एकाला ते झाड नेमकं कुठे आहे हेच ठाऊक नाही. तरी मे महिन्यात हिश्शाची आठवण सगळ्यांना बरोबर होते. देवाघरच्यांच्या वतीने त्यांची मुलं फोन करतात.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी सहा हजार रुपये मोजून एक जुनी मोटरसायकल घेतली, तेव्हा निदान ही तरी माझी एकट्याची असं वाटून बरं वाटलं होतं.

गाडी म्हणजे हिरो होंडा सीडी हंड्रेड, १९९२ ची. देवगडच्या बाजूला सडा, म्हणजे कातळाचं पठार, संपून रस्ता खाडीकडे उतरतो, तिथे एका मांगरात ती गवताच्या भाऱ्यांना टेकून उभी होती. सीटचा फोम उंदरांनी नेलेला आणि त्या खड्ड्यात कोंबडीने घर केलेलं. या गाडीची जुनी जाहिरात वाचकांना आठवत असेल: ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. आधीच्या मालकाने त्यातलं तिसरं तेवढं मनावर घेतलं होतं.

गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा शेजारचे तात्या गडग्यापाशी येऊन उभे राहिले. एक प्रदक्षिणा घातली, काडीने मडगार्ड टोचलं, काडी आरपार गेली. मग म्हणाले, “झिला, पैशे जड झाले काय रे तुका?”

मित्रांचं म्हणणं वेगळं. जुनीच घ्यायची तर येझदी घ्यायची, आरएक्स हंड्रेड घ्यायची, ही कारकुनाची गाडी कशाला? त्यांचं खोटं नाही. पण म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, आरएक्स हंड्रेडही त्याच साली थांबली, आणि तेव्हापासून त्या गाड्यांची किंमत लोखंडावर नाही, लोकांच्या आठवणींवर ठरते. माझ्याकडे एकूण वीस हजार होते. त्यात आठवण बसत नव्हती. सीडी हंड्रेडचं ९७.२ सीसीचं इंजिन पुढे स्प्लेंडरमध्ये गेलं आणि स्प्लेंडर तर घरटी एक आहे. त्यामुळे कार्बोरेटरच्या पिनपासून क्लच प्लेटपर्यंत बरंचसं सामान कणकवलीत दुकानाच्या पुढच्याच फळीवर मिळतं. स्वस्तात गाडी उभी करायची असेल तर गाडी निवडण्याआधी दुकानाची फळी बघावी, हे मला उशिरा पण बरोबर सुचलं.

हिरो आणि होंडा हे १९८४ साली एकत्र आले आणि २०१० साली त्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. माझ्या टाकीवर मात्र दोघं अजून एकाच पट्टीत नांदताहेत. पट्टी सोलत आलीय, पण ती काढायला हात होत नाही.

आमचे मिस्त्री खाडीच्या पुलाअलीकडे एका शेडमध्ये काम करतात. मोटरसायकल, होडीचं इंजिन, विहिरीचा पंप, सगळं एकाच पान्ह्यांच्या पेटीवर. त्यांनी गाडीकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं आणि विचारलं, “मासे व्हायचो काय तो?” मला कळेना. त्यांनी मागचं चाक धरणारा चिमटा दाखवला. पुढचा अर्धा भाग बरा होता, मागचा पापडासारखा सुटत होता, आणि तोही डावीकडे जास्त. डावीकडे मासळीचा क्रेट बांधलेला असणार. बर्फ वितळून खारं पाणी तिथेच ठिबकत राहिलं असणार, कितीतरी वर्षं. मी पुढे चौकशी केली, तर अगदी खरं. आधीचा मालक पहाटे बंदरावरून मासळी उचलून वरच्या गावांत विकायचा. गंज हा नुसता गंज नसतो, तो जबानी असतो, हे त्या दिवशी पटलं.

चिमट्याला पत्रा जोडून देणारा वेल्डर बंदरावरचाच, ट्रॉलरची विंच दुरुस्त करणारा. त्याने माझ्या कामाला काम म्हटलंच नाही, चहा यायच्या आत उरकलं. टाकीला शिवणीवर एक बारीक भोक होतं, तिथे मात्र तो हट्टाला पेटला. टाकी कितीही रिकामी दिसली तरी आत पेट्रोलची वाफ राहते. काठोकाठ पाणी भरून आणल्याशिवाय त्याने ती जवळसुद्धा घेतली नाही.

टाकीच्या आतला गंज हा स्वतंत्र विषय आहे. बाजारात त्यासाठी बाटलीतली औषधं मिळतात, पण माझ्या खर्चाच्या वहीत तेवढी जागा नव्हती. आमच्याकडे तांब्याची भांडी बिंबल या आंबट फळाने घासतात, ती लखलखतात. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि ते गंज खातं, हे मला शाळेतल्या रसायनशास्त्रापेक्षा आजीच्या घंगाळामुळे जास्त पटलेलं. झाडाखाली बिंबलांचा सडा पडला होता. दोन पाट्या गोळा केल्या, मिक्सरमधून काढल्या, पाण्यात कालवून टाकीत ओतल्या, वर जुन्या चेनचा हातभर तुकडा सोडला आणि दोन दिवस येता-जाता टाकी हलवत राहिलो. आई बघत होती. शेवटी म्हणाली, “सगळी बिंबला त्या टाकीत घातलंस? आता लोणचा कशाचा करतलंय मी, पेट्रोलचा?”

तिसऱ्या दिवशी टाकीतून जे बाहेर आलं त्याचं वर्णन जेवणाऱ्या माणसासमोर करू नये. पण आत पत्रा चांदीसारखा दिसत होता. मी खूश होऊन जेवायला गेलो आणि थोडा डोळा लागला. उठून बघतो तर चांदीवर केशर धरलेलं. आम्लाने सोललेला उघडा पत्रा, त्याला आमची दमट हवा. गंजाला याहून चांगलं आमंत्रण काय असणार? पुन्हा बिंबलं. या वेळी लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, भर दुपारी जांभ्याच्या तापलेल्या चिऱ्यावर उलटीसुलटी वाळवली आणि आतून ऑइलचा हात फिरवला. तेव्हापासून टाकी शक्यतो भरलेली ठेवतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. आणि आमच्या हवेत पाण्याला तोटा नाही.

इंजिनबद्दल थोडक्यात. किक दगडासारखी घट्ट होती. मिस्त्रींनी प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं आणि तीन दिवस तिच्याकडे बघितलंही नाही. चौथ्या दिवशी किक सुटली. ब्लॉक गोणपाटात बांधून एसटीने गगनबावड्यामार्गे कोल्हापूरला उद्यमनगरात नेला. तिथल्या लेथवाल्याने आत नुसतं बोट फिरवलं आणि सांगितलं, ०.५० चा, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, पिस्टन बसेल. मोजमाप नंतर घेतलं, तेही बहुधा माझ्या समाधानासाठी.

एक दुपार मात्र मला सगळ्यात जवळची आहे. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि चेसिस नंबरचा ठसा द्यावा लागतो. नंबर हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो. तिथे तर मला नुसतं तांबडं कातडं दिसत होतं. जोरात घासावं तर आकडेच जातील ही भीती. मग रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन बसलो. बराच वेळाने एक तीन उमटला. मग एक शून्य. आजोबांच्या जुन्या कागदांवरची मोडी अक्षरं लागायला लागतात तसे एकेक करून सगळे आले. वर कागद धरून पेन्सिल फिरवली, आणि तो ठसा आरसीबुकाशी ताडून बघितला तेव्हा मी अंगणात एकटाच मोठ्याने हसलो. रंग मात्र काळाच ठेवला. बदलला असता तर तोही बुकात चढवावा लागतो, आणि ओरोसच्या आरटीओची एक खेप वाढते.

सांगाड्याला मी होडीचा रंग दिला. बंदरावरच्या दुकानात अर्धा डबा उरलेला होता, तो स्वस्तात मिळाला. आणि जो रंग समुद्रात टिकतो तो समुद्राकाठी टिकेलच, असा हिशोब. आतल्या पोकळ्यांना काय लावायचं? जुने लोक लाकडी होड्यांना माशाचं तेल फासायचे. मीही फासलं. त्यानंतर महिनाभर वाडीतली सगळी मांजरं गाडीखाली मुक्कामाला होती. एक तर सीटवरच झोपायची आणि मी गाडी काढायला गेलो की माझ्याकडेच परक्यासारखं बघायची.

इथवर सगळं शहाणपणाने चाललं होतं. पण वहीत अडीच हजार शिल्लक राहिले, आणि शिल्लक पैसा माणसाला बिघडवतो. मी मोबाइलवर कॅफे रेसर बघायला लागलो. विलायतेत पन्नास-साठच्या दशकांत तरुण पोरं एका कॅफेवरून दुसऱ्या कॅफेपर्यंत गाड्या पळवायची, त्यासाठी गाडीवरचं नको ते सगळं उतरवायची. आमच्याकडे कॅफे नाहीत, पण टपऱ्या आहेत. मागचं मडगार्ड अर्धं कापलं. हँडल खाली घेतला. आणि सीडी हंड्रेडच्या चेनला पुरं झाकणारं ते पत्र्याचं कव्हर काढायला सांगितलं, कारण ते म्हाताऱ्याच्या मफलरीसारखं दिसत होतं.

मिस्त्री पान्हा हातात घेऊन थोडे थांबले. “काढू नको. पावसात रडतलंस.”

मी ऐकलं नाही. सायलेन्सरला हात लावला नाही, एवढीच काय ती अक्कल. कव्हर भंगारवाल्याला किलोवर गेलं. एप्रिल-मे मजेत गेले. सड्यावरच्या रस्त्याने संध्याकाळी गाडी काढावी, एका बाजूला समुद्र, कानात वारा, तात्यासुद्धा एकदा मागे बसून टपरीपर्यंत आले आणि उतरल्यावर कंबर धरून म्हणाले, “बरी आसा.”

मग मृग लागला. पहिल्याच पावसात कणकवलीहून आलो आणि बायकोने मला पुढच्या दाराने घरात घेतलंच नाही. कापलेल्या मडगार्डने मागच्या चाकाची सगळी तांबडी माती माझ्या पाठीवर, कमरेपासून टोपीपर्यंत, एका सरळ पट्ट्यात रेखली होती. शेजारची पोरं ‘काका, शेपूट’ म्हणून नाचत होती. चेनची गत त्याहून वाईट. माती, पाणी आणि खारा वारा तिघांनी मिळून पंधरा दिवसांत तिची माळ केली. प्रत्येक कडी आपापल्या दिशेला वळलेली, आणि गाडी चालताना दळण चालल्यासारखा आवाज. रोज ऑइल घालावं तर त्याला माती चिकटे. न घालावं तर रात्रीतून तांबूस व्हायची. नवी चेन-स्प्रॉकेट घेतली तेव्हा वहीतलं पान संपलं.

तेव्हा लक्षात आलं की या गाडीच्या आरसीबुकात माझं एकट्याचं नाव असलं तरी सातबारा वेगळाच आहे. खाऱ्या वाऱ्याचा त्यात हिस्सा आहे, पावसाचा आहे, जांभ्याच्या मातीचा आहे, आणि हे हिस्सेदार मुंबईला राहणारे नाहीत. ती चेनवरची मफलर म्हणजे जुन्या लोकांनी घालून ठेवलेला बांध होता. मी तो स्वतःच्या हाताने फोडला होता.

जुनं कव्हर वितळूनही गेलं असेल. कणकवली, कुडाळ अशी चार भंगाराची दुकानं धुंडाळली, तेव्हा एकात मिळालं. कुठल्या तरी लाल गाडीचं, लालभडक. भंगारवाल्याने माझ्या पाठीवरचा पट्टा बघितला आणि किंमत सांगितली. माझं मी विकलं होतं त्याच्या चौपट. मी घासाघीस केली नाही.

कव्हर काखेत घेऊन भिजत शेडमध्ये गेलो. काळ्या गाडीला लाल कव्हर कसं दिसेल, याच्यावर मिस्त्री एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी वरच्या फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला, त्यातून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत जुन्या कव्हराचे बोल्ट होते, ग्रीस लावून ठेवलेले.