आवाज कोणाचा वाढवायचा?

मागच्या मे महिन्यापर्यंत आमच्या हॉलमधल्या टीपॉयवर पाच रिमोट नांदत होते. टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा एक, होम थिएटरचा एक, डीव्हीडी प्लेअरचा एक आणि टीव्हीच्या पाठीला लटकणाऱ्या त्या इंटरनेटवाल्या स्टिकचा एक. टीव्हीच्या रिमोटवर घेतल्या दिवसापासूनचं प्लास्टिक; ते इतकं पिवळं पडलेलं की आकडे अंदाजानेच दाबायचे. सेट टॉप बॉक्सच्या रिमोटचं मागचं झाकण दिवाळीच्या साफसफाईत हरवलं, तेव्हापासून सेल पालकाच्या जुडीच्या रबरबँडने धरून ठेवलेले. डीव्हीडीचा रिमोट वर्षातून एकदा लागायचा, आईंना आमच्या लग्नाची सीडी बघायची हुक्की आली की. (आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे. लग्न माझं, पण सीडी त्यांची.)

पाच रिमोट हे तसं दुखणं नव्हतं. दुखणं होतं तीन आवाजांचं. टीव्हीचा आवाज वेगळा, बॉक्सचा वेगळा, होम थिएटरचा वेगळा. जोडणी अशी की बॉक्समधून एचडीएमआयची वायर टीव्हीला आणि लाल-पांढऱ्या पिनांची वायर होम थिएटरला. दोन्हीकडून आवाज सुरू राहिला तर टीव्ही किंचित मागे पडतो आणि बातम्या देणारी बाई विहिरीत बसून बोलल्यासारखी वाटते. म्हणून टीव्हीचा आवाज कायम शून्यावर ठेवायचा. ही गोम घरात फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक. कारण २०१२च्या दिवाळीत ते होम थिएटर त्यानेच आणलं, चार कोपऱ्यांत चार डबे त्यानेच ठोकले आणि पुढे त्याची पुण्याला बदली झाली. वायरी इथे, वायरींची अक्कल पुण्यात.

मग रोज संध्याकाळी काय व्हायचं? आईंना मालिकेतलं कुजबुजणं ऐकू यायचं नाही, त्या हाताशी असेल तो रिमोट घेऊन आवाज वाढवायच्या. तो असायचा बॉक्सचा. जाहिरात लागली की बाबा दचकून आवाज कमी करायचे, तो होम थिएटरचा. आई पुन्हा बॉक्सचा वाढवायच्या. असं करत करत बॉक्स पार शेवटच्या रेघेला जाऊन टेकायचा, होम थिएटर तीनवर यायचं आणि दोघांच्या मध्ये आवाज फाटून बाहेर पडायचा. एवढ्यात कोणी टीव्हीच्या रिमोटचं अधिक दाबलं की विहिरीतली बाई हजर.

"पुण्याले फोन लाव," बाबा म्हणायचे.

"हातात कोणता रिमोट आहे?" पुणं विचारायचं.

"काळा."

सगळेच काळे होते.

त्यात आमचा उन्हाळा. एप्रिल लागला की खिडकीत कूलर बसतो, आणि नागपूरच्या कूलरचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला मी हा लेख कसा समजावणार? विमान सुटतंय आणि सुटतच राहिलंय, असं दोन महिने. जो आवाज जानेवारीत बारावर पुरतो त्याला मेमध्ये तीस लागतात. दुपारी बाहेर पंचेचाळीस अंश, आत कूलरची घरघर, आणि त्या घरघरीवर मात करायला होम थिएटर. मध्येच कूलरमधलं पाणी संपलं म्हणून कोणी तो बंद केला की मालिकेतली सासू एकदम अख्ख्या गल्लीशी बोलायला लागायची. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी मला पुढचं कथानक विचारायच्या नाहीत, त्यांना ते ठाऊक असायचं.

बाबांचं म्हणणं सोपं होतं. "कूलरले रिमोट नाही न? मग पाह्य कसा मस्त चालून राह्यला."

आणखी एक उन्हाळी गंमत. आमचा हॉल पश्चिमेचा. चार वाजता खिडकीतून ऊन थेट टीव्हीच्या तोंडावर येतं आणि तेवढा वेळ रिमोट बहिरे व्हायचे. म्हणजे रिमोट नाही, टीव्हीच बहिरा. रिमोटच्या टोकाला जो छोटा दिवा असतो तो आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो, आणि उन्हात तोच प्रकाश रगड भरलेला असतो. त्या गलक्यात बिचाऱ्या रिमोटचं कोण ऐकणार? बाबा उठून पडदा ओढायचे आणि परत येऊन बसायचे. एवढं उठलेच होते तर टीव्हीचंच बटण दाबता आलं असतं, पण ते तत्त्वात बसत नव्हतं. अमेरिकेत १९५५ साली झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली नावाच्या इंजिनियरने जो टीव्हीचा पहिला बिनवायरचा रिमोट केला, तो टॉर्चसारखा टीव्हीच्या कोपऱ्यांवर प्रकाश मारायचा. त्या टीव्हीवर ऊन पडलं तर चॅनल आपोआप बदलायचे. तो टीव्ही आमच्या हॉलमध्ये असता तर मेमध्ये आईंच्या मालिका सूर्यनारायणाने बघितल्या असत्या.

एकच रिमोट घेऊ, हे आमच्याकडे खूप वर्षं चालू होतं. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर लॉजिटेकचा हार्मनी होता, सगळं एका बटणावर सुरू करणारा. महाग म्हणून तो घेणं पुढे ढकलत राहिला आणि २०२१ मध्ये कंपनीने हार्मनी बनवणंच थांबवलं. त्याला तेव्हा झालेलं दुःख मी पाहिलंय. न घेतलेल्या वस्तूचं दुःख घेतलेल्या वस्तूपेक्षा जास्त टिकतं.

शेवटी मीच बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. मोदी नंबर तीन नावाच्या गल्लीत एका दुकानात छतापासून काउंटरपर्यंत पारदर्शक पिशव्यांतून रिमोट लटकत होते, वटवाघळांसारखे. मी कंपन्यांची नावं सांगायला लागले तर दुकानदाराने हात वर केला.

"ताई, नावं राहू द्या. जुने रिमोट चालू आहेत का, तेवढं सांगा."

मग त्याने दोन जाती समजावल्या. एक कोडवाला. त्याच्यासोबत बारीक अक्षरांचा कागद येतो, कंपनीच्या नावासमोर आकडे, ते एकेक टाकून बघत बसायचं. दुसरा शिकणारा. त्याच्यासमोर जुना रिमोट धरायचा आणि बटण दाबून दाखवायचं, तो ते घोकतो. "होम थिएटर जुनं आहे न, मग कोडच्या नादी लागूच नका. शिकनारा घ्या." साडेतीनशे सांगितले, तीनशेवीसला दिला. गॅरंटी विचारली तर म्हणाला, "शिकला तर चालला."

शिकणारा रिमोट ही कल्पना आजची नाही. अॅपलवाल्या स्टीव्ह वॉझ्नियाकने अॅपलमधून बाहेर पडल्यावर सीएल नाइन नावाची कंपनी काढून १९८७ मध्ये असाच शिकणारा रिमोट बाजारात आणला होता. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या घरीबी तीन आवाज असतील."

बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. यंत्र म्हटलं की त्यांचा हात आपोआप चष्म्याकडे जातो. डायनिंग टेबलावर पेपर अंथरून दोन रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवले, मध्ये दोन बोटांचं अंतर. नव्याचं एक बटण दाबून धरलं की त्याचा लाल दिवा पेटतो, म्हणजे विद्यार्थी बसला. मग ज्या बटणाला शिकवायचं ते दाबायचं, मग जुन्याचं बटण दाबायचं. दिवा लुकलुकला की पाठ झालं. आत चालतं ते असं: जुना रिमोट आपला अदृश्य दिवा सेकंदाला अडतीस हजार वेळा वगैरे फडफडवतो, आणि त्या फडफडीचे लहान-मोठे तुकडे पाडून एकेक हुकूम बनवतो. नवा ते तुकडे मोजून जसेच्या तसे लक्षात ठेवतो. अर्थ कळायची गरज नाही. आमच्या शाळेत पाढे असेच झाले.

टीव्ही झाला, बॉक्स झाला. होम थिएटरपाशी गाडी अडली. त्याच्या रिमोटचं बाकी सगळं चालत होतं, फक्त आवाज वाढवायचं बटण मेलेलं. तेरा वर्षांत सगळ्यात जास्त दाबलेलं तेच. गुरुजींना जो एकच धडा शिकवायचा होता, तोच ते विसरलेले.

"मेला नसन," बाबा म्हणाले. "घसा बसला असन."

त्यांनी नखाने फटीत जोर लावून रिमोट उघडला. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर रबराची एक चटई, प्रत्येक बटणाखाली काळा ठिपका. तो ठिपका पट्टीवर टेकला की वीज जाते. आमच्या पट्टीवर तेरा वर्षांचं जेवण होतं. तेलकट, पिवळसर, बोटाला चिकटणारा थर. त्यात हळद तर नक्कीच होती, आणि मला एक जिऱ्याचा दाणाही दिसला. बाबांनी कापसाला स्पिरिट लावून पट्टी पुसली. आवाजाच्या बटणाखालचा काळा ठिपका मात्र घासून पांढरा पडला होता. आईंनी काही न बोलता फ्रिजमधून चॉकलेट काढलं, ते तोंडात टाकलं आणि चांदी बाबांसमोर ठेवली. चांदीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा कापून, डिंकाचा थेंब लावून त्यांनी ठिपक्यावर बसवला.

आता चाललं की नाही हे कसं कळणार? मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून मी रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरलं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण स्क्रीनवर जांभळट ठिणगी लुकलुकली. आईंनी स्क्रीन बघितली, मग रिमोट बघितला, मग परत स्क्रीन. "म्हणजे हा इतकी वर्षं असा चमकत होता?" त्यांनी मग सगळे रिमोट एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरून पाहिले. पाऊण तास गेला, पण तो मी मोजत नाही.

चांदीच्या जोरावर गुरुजी बोलले, दिवा लुकलुकला, धडा झाला.

खरी युक्ती यानंतरची. या रिमोटवर वर चार बटणं असतात, कुठलं यंत्र चालवायचं ते आधी ठरवायला. आधी वरचं बटण, मग खालचं. हे आमच्याकडे दोन दिवसही टिकलं नसतं. पण शिकणाऱ्याला कोणी काय शिकवलं याची लाज नसते. वरच्या एकाच बटणाच्या पानावर मी चॅनल बॉक्सचे शिकवले, आवाजाची दोन्ही बटणं होम थिएटरची शिकवली, सुरू-बंद करायला लाल बटण टीव्हीचं, हिरवं होम थिएटरचं, पिवळं बॉक्सचं. बॉक्सचा आवाज मधोमध ठेवला, टीव्हीचा शून्यावर, आणि त्यांची बटणं कोणाला शिकवलीच नाहीत. वरच्या चार बटणांवर काळी इन्सुलेशन टेप. आता घरात आवाज एकच.

स्टिक तेवढी शिकेना. तिचा रिमोट ब्लूटूथवर बोलतो, ही भाषाच वेगळी, तिथे तोंडाला तोंड लावून काही होत नाही. म्हणून तो राहिला. बाबा म्हणाले, "दोन चालतात. चप्पलबी दोन असते."

पहिल्या आठवड्यात एकदा लाइन गेली. आली तेव्हा बॉक्स आपोआप सुरू झाला, होम थिएटर झोपून राहिलं. बाबांनी सवयीने तिन्ही बटणं दाबली: होम थिएटर उठलं आणि बॉक्स झोपला. सुरू करायचा आणि बंद करायचा हुकूम एकच असतो, आणि समोर काय चालू आहे हे रिमोटला कळायचा मार्ग नाही. "हा फक्त बोलतो," मी समजावून सांगितलं, "ऐकत नाही." आईंनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. बोलल्या काही नाहीत.

चार रिमोट रिकामे झाले तेव्हा आईंचं लक्ष रिमोटांकडे नव्हतंच, सेलकडे होतं. आमच्याकडे सेल संपत नाही. तो आधी जागेवर गोल फिरवला जातो, मग तळव्यावर आपटला जातो, मग गच्चीवर उन्हात ठेवला जातो. १९५६ मध्ये झेनिथच्याच रॉबर्ट अॅडलरने बिनसेलचा रिमोट काढला होता: बटण दाबलं की आत छोटी हातोडी अॅल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, आणि माणसाला ऐकू न येणारा तो टणत्कार टीव्हीला ऐकू जायचा. सेल संपला तर लोकांना टीव्हीच बिघडला असं वाटेल, ही विक्रेत्यांची धास्ती त्यामागे होती. आईंना तो रिमोट आवडला नसता. त्यातून काढायला काही उरलं नसतं.

त्यांनी आठ सेल पेपरवर रांगेत मांडले. सहा बारीक, दोन जाड. दोन बारीक नव्या रिमोटला दिले, बाकीचे संत्रा बर्फीच्या डब्यात. जाड होते ते डीव्हीडीच्या रिमोटचे. त्यातला एक स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळात घातला, जे होळीपासून चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं होतं. रिमोट हलवायला कमी पडणारा सेल घड्याळाला पुढे कितीतरी महिने पुरतो, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

त्या रात्री साडेनऊला पुन्हा लाइन गेली. टीव्ही गेला, होम थिएटर गेलं, कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. अंधारात आम्ही तिघं. आतल्या खोलीतून घड्याळाची टिकटिक हॉलपर्यंत यायला लागली.

"थोडी पुढं लावली न तिले?" आईंनी विचारलं.

"धा मिनिटं," बाबा म्हणाले.