पुस्तकाआधीची फाइल

मामाने उमेदीची सगळी वर्षं पुण्यातल्या छापखान्यांत खिळे जुळवण्यात घालवली. त्या दिवसांच्या आठवणी त्याने वह्यांत लिहून काढल्यात आणि त्यांचं पुस्तक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मजकूर टाइप करून कुणा डीटीपीवाल्याच्या हवाली करता आला असता. पण मला टेक्टॉनिकचा नाद आहे, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा वाचून पुस्तकाची पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामचा. हे आतून झीटेक नावाचं अक्षरजुळणीचं जुनं इंजिनच, फक्त रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या नव्या आवरणात बसवलेलं. लागतील ती पॅकेजं, म्हणजे तयार जोडण्या, ते नेटवरून स्वतःच उतरवून घेतं आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे जुळेपर्यंत स्वतःच फेऱ्या मारतं.

नवा प्रकल्प उघडला की सेटिंगची एक छोटी फाइल मिळते, टॉमल नावाची. तिच्यात पुस्तकाचं नाव, पॅकेजांचा साठा कुठून घ्यायचा तो पत्ता, आणि शेवटी पीडीएफ हवी एवढंच. साठ्याचा पत्ता लिहून ठेवायचा कारण उद्या दुसऱ्या संगणकावर बांधलं तरी ओळी त्याच जागी तुटाव्यात. मामाला हे दाखवलं, तर तो चष्मा वर करून म्हणाला, "बस? आणि पुस्तक कुठाय?"

पुस्तक शेजारच्या फोल्डरात असतं, आणि खरी गंमतही तिथेच, प्रिअँबल नावाच्या फाइलमध्ये. मजकुराचा पहिला शब्द यायच्या आधी इंजिनाला सगळं सांगावं लागतं, आणि ते सांगायला बसलं की कळतं, यातलं बरंचसं आपण कधी ठरवलेलंच नव्हतं. ते मामासारखी माणसं ठरवायची, तोंडाने एक अक्षर न काढता.

उदाहरणार्थ, ल. फॉन्टला नुसतं 'लिपी देवनागरी' सांगितलं, तर बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. 'भाषा मराठी' असं वेगळं सांगावं लागतं, मग पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, तोही फॉन्टात ती सोय केलेली असेल तर. शासनाने २००९च्या निर्णयात हीच वळणं प्रमाण मानली आहेत. मामाला हे सांगायची गरज नव्हती. "आमच्या खिळ्यांच्या केसमध्ये दुसरा ल नव्हताच," तो म्हणाला.

मग कागद. डेमी, ५.५ बाय ८.५ इंच, यावर वाद झाला नाही. शिलाईकडचा समास जास्त, यावरही नाही. ओळींमधल्या अंतरावर मात्र मामा स्क्रीनला नाक लावून बसला. १० पॉइंटाच्या अक्षराला १२ पॉइंटांची ओळ हा लेटेकचा, म्हणजे या इंजिनावर चालणाऱ्या तयार आज्ञांच्या संचाचा, ठरलेला हिशोब रोमन अक्षरांचा आहे. आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकींच्या अंगावर येतात. आकडा वाढवत वाढवत १५ वर नेला, तेव्हा तो मागे टेकला.

शीर्षकानंतरचा पहिला परिच्छेद लेटेक आत न सरकवता सुरू करतं. ही इंग्रजी पुस्तकांची रीत. मामाच्या मते ते जुळाऱ्याचं दुर्लक्ष दिसतं. त्यावर एका ओळीचं पॅकेज आहे, ते लावलं. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचे का, हा प्रश्न मोठा होता. मराठीसाठी शब्द तोडण्याचे नियम संतोष तोट्टिंगल यांनी केलेले आहेत, त्यामुळे इंजिन तोडू शकतं. तोडायचंच नाही म्हटलं, तर लांब सामासिक शब्द आला की शब्दांमधल्या फटी ताणल्या जातात आणि इंजिन तक्रारींचा पाढा वाचतं. तोडू दिलं, हे मला अजूनही योग्य वाटतं.

हे इंजिन मुळात ज्या टेकवर उभं आहे, ते डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७७ साली करायला घेतलं. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली, ती इतकी बेकार दिसली की त्याने पुस्तक बाजूला ठेवून अक्षरजुळणीचाच प्रोग्राम लिहायला घेतला. त्यात वर्षं गेली. आपल्या पुस्तकांत चूक दाखवणाऱ्याला तो २.५६ डॉलरचा चेक देत असे. मामाला चेकचं कौतुक वाटलं नाही. प्रुफं बघून भडकणाऱ्या लेखकाचं मात्र वाटलं. असे लेखक त्याने पाहिले होते, पण ते स्वतः खिळे पाडायला गेले नव्हते.

पुस्तकाच्या साच्यात प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू होतं, म्हणजे मध्ये डावं पान कोरं राहू शकतं. मामा उखडला. "अगं, सोळा पानं एकत्र छापतात, तो एक फर्मा. कोरी पानं धरून फर्मा वाढला की कागदाचे पैसे कोण भरणार?" साच्याला 'कुठेही सुरू कर' असं सांगितलं.

आणि मग प्रस्तावना. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांना लेटेक रोमन आकडे घालतं. मामाला ते चालणार नव्हते. जुन्या मराठी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांवर अक्षरी आकडे असतात, सात, आठ, नऊ, तसे त्याला हवे होते. त्यासाठी तयार पॅकेज मला सापडलं नाही, म्हणून एक छोटी आज्ञा स्वतः लिहिली. पण ही आज्ञा नियमाने लिहिता येत नाही. एकवीस, बावीसपर्यंत काही सूत्र दिसल्यासारखं वाटतं तोवर एकोणतीस येतो. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, प्रत्येकाची घडण वेगळी. शंभरापर्यंत एकेक शब्द हाताने यादीत घालण्यावाचून इलाज नाही.

प्रस्तावना चार-पाच पानांची होईल म्हणून मी बारापर्यंत यादी केली. मामाने वही चाळली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "चाळीसपर्यंत लिहून ठेव. छापखान्याच्या मालकांबद्दल अजून लिहायचंय."