एम-थ्री सुटला!

आज दुपारी निकाल लागला. एम-थ्री, म्हणजे इंजिनीअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, सुटला, तिसऱ्या प्रयत्नात. 100 पैकी 52. मोबाइल बाजूला ठेवला आणि आधी आईला मिठी मारली.

आधी दोन्ही वेळा लाप्लास ट्रान्सफॉर्मवरच अडकलो होतो, म्हणजे अवघड समीकरण सोप्या रूपात बदलायच्या पद्धतीवर. सूत्रं तोंडपाठ, पण ती कशासाठी तेच कळत नव्हतं. यावेळी रूम पार्टनरने वहीच्या मागच्या पानावर आरसी सर्किट काढलं, म्हणजे रेझिस्टर आणि वीज साठवणारा कपॅसिटर जोडलेलं. कपॅसिटर चार्ज होतानाचं डिफरन्शियल इक्वेशन (बदलाच्या वेगाचं समीकरण), त्याचं लाप्लास घेतलं की राहतं साधं बीजगणित. ते सोडवायचं आणि इन्व्हर्स, म्हणजे उलट लाप्लास, घेऊन मूळ रूपात परत यायचं. एवढंच होतं! त्या रात्री पहिल्यांदा गणित आवडलं. रिफिल संपेपर्यंत सोडवत बसलो.

भावा, तुझी ती वही अजून माझ्याकडेच आहे. उद्या घेऊन येतो, सोबत आईचे बेसनाचे लाडू.