दोन आठवड्यांपूर्वी त्या कशा होत्या?

वयस्क माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागलं, की आधी आजार शोधायचा असतो. हे मी इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला आल्यावर शिकले. शेजारच्या ऐंशीपुढच्या आजींना एका रात्री कॅज्युअल्टीत नेलं, तेव्हा नर्सने पहिल्यांदा विचारलं, "दोन आठवड्यांपूर्वी त्या कशा होत्या? स्वतः चालत होत्या? पैशांचे व्यवहार त्याच बघायच्या?" उत्तरांवरून माणूस किती थकलेला, परावलंबी आहे याचा 1 ते 9 मधला एक आकडा देतात. 1 म्हणजे ठणठणीत, 9 म्हणजे अखेरचा टप्पा. आज माणूस आडवा पडलाय म्हणून आकडा वाढत नाही, आजाराआधी तो कसा होता ते धरतात. आजी रोज एकट्या बाजारात जायच्या, म्हणजे हे वयामुळे नव्हतं. मग तपासण्या झाल्या, लघवीत इन्फेक्शन निघालं.

नागपुरात महाल भागात राहणाऱ्या आमच्या काकू ऐन मे महिन्यात अशाच बरळायला लागल्या. सरकारी दवाखान्यात ऐकायला मिळालं, "वय झालं नं आता, घरी न्या." रक्तसुद्धा तपासलं नाही! खासगीत गेल्यावर कळलं, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फार उतरलं होतं. नागपूरचं ऊन आणि वरून लघवी वाढवणारी बीपीची गोळी. औषध बदललं, सलाईन लागलं आणि काकू भाजीवाल्याशी पुन्हा घासाघीस करू लागल्या. त्यांना न तपासता घरी पाठवलं, याचा मला आजही संताप येतो.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. वयावरून उपचारात भेदभाव करायला 1 ऑक्टोबर 2012 पासून कायद्याने बंदी आहे, तरी 2020 मध्ये कोविडकाळात काही वृद्धांच्या फायलींवर त्यांना किंवा घरच्यांना न विचारताच 'हृदय थांबल्यास प्रयत्न करू नयेत' असं लिहिल्याचं उघड झालं.

आपल्याकडेही 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. त्याच्या कलम 20 मध्ये सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आणि शक्यतो खाट द्यावी असं म्हटलंय. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान योजनेत 5 लाखांचं संरक्षणही आहे. पण दारातूनच परत पाठवलं तर कार्ड काय कामाचं?

म्हणून घरच्यांना सांगून ठेवलंय: दवाखान्यात जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, आजारी माणूस धडधाकट होता तो शेवटचा दिवस सांगा, सोडियम, साखर आणि लघवी तपासायला लावा. नाही म्हणाले, तर कारण केसपेपरवर लिहून मागा.